दिव्यांशी बोलणारे गृहस्थ

आमच्या इंदिरानगरच्या ऑफिसातल्या प्रत्येक दिव्याला स्वतःचा नंबर आहे आणि सगळे दिवे कॉम्प्युटरवरून चालतात. ते सांभाळणारे गृहस्थ इथल्याच जुन्या मराठी घरातले, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेली. ते दिव्यांशी बोलतात. "बारा नंबर, स्वल्प मंद हो रे," असं म्हणूनच बटण दाबतात. दिव्याने ऐकलं तर "सरी", म्हणजे ठीक, म्हणतात. नाही ऐकलं तर त्याच्याकडे पाठ फिरवून बसतात.

एकदा येलहंक्यात मोठी इमारत बांधणारे एक शेठ आमचे दिवे बघायला आले. त्या इमारतीतल्या दिव्यांचं काम आम्हाला मिळणार की नाही, ते त्यावरच ठरणार होतं.

"आता मीटिंगचा प्रकाश दाखवा," मी सांगितलं.

गृहस्थांनी चुकून पार्टीचं बटण दाबलं. सगळं छत गुलाबी-निळं लुकलुकायला लागलं. मी ते बंद करायला धावलो. गृहस्थ मात्र लगेच टाळ्या वाजवत "हॅपी बर्थडे" म्हणायला लागले, आणि सगळा मजला उठून गाऊ लागला. कुणीतरी धावत खालच्या बेकरीतून हनी केक आणला आणि सुरी शेठच्या हातात दिली.

"अहो, पण आज माझा..." शेठ गोंधळून म्हणाले.

"लाजता काय अण्णा! किती पूर्ण झाली?" गृहस्थांनी विचारलं.

शेठनी एकदा केककडे पाहिलं, एकदा सगळ्यांकडे.

"अठ्ठेचाळीस," साठी उलटलेले शेठ म्हणाले आणि त्यांनी केक कापला.

काम आम्हालाच मिळालं. पार्टीचं बटण प्रत्येक मजल्यावर हवं, एवढीच त्यांची अट होती.