पोटऱ्या घेऊन केशोरीला

नाशिकरोडला गाडीत बसले तेव्हा माझ्याबरोबर दोन बॅगा, पाण्याची बाटली आणि माझ्या दोन पोटऱ्या होत्या. बॅगा निखिलने, म्हणजे माझ्या मुलाने, उचलल्या. पोटऱ्या माझ्या मलाच न्यायच्या होत्या. गेली काही वर्षं मला रात्री पायात गोळे येतात. साधेसुधे नाहीत. झोपेत पोटरीचा दगड होतो, अंगठा आपोआप वर वळतो, आणि दिवसा ज्या देवांची आठवणसुद्धा होत नाही त्यांना मी नावानिशी हाका मारते. डॉक्टर म्हणतात, पाणी भरपूर प्या, केळी खा, झोपण्याआधी पाय ताणा. पाणी भरपूर प्यायलं की रात्री वेगळ्याच कारणासाठी उठावं लागतं, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेलं नाही.

जायचं होतं गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीला. निखिलच्या ऑफिसातली वैशाली तिथली. दोघांनी आपसांत लग्न ठरवून टाकलं होतं आणि आईवडिलांनी मान डोलवायची तेवढी बाकी होती. आमच्या ह्यांनी ती घरी सोफ्यावर बसूनच डोलवली. त्यामुळे खोट काढायचं काम माझ्या एकटीवर पडलं. इतक्या लांब, पार भाताच्या मुलखात सोयरीक कशाला, हा माझा मुख्य मुद्दा. बाकीचे मुद्दे तिथे गेल्यावर सापडतील अशी मला खात्री होती.

पहिला गोळा गाडीतच आला. मला मधला बर्थ मिळाला होता आणि मधल्या बर्थवर ताठ बसता येत नाही, हे डोकं आपटल्यावर लक्षात आलं. खालच्या बर्थवरचे गृहस्थ जागे झाले आणि प्रेमाने म्हणाले, "आजी, वाईट स्वप्न पडलं का?" त्यांचं वय माझ्याहून फार कमी नसावं. गोळा उतरला, पण ते "आजी" गोंदिया येईपर्यंत उतरलं नाही.

वैशाली आदल्या दिवशीच गावी गेली होती. आता ती भाड्याची गाडी घेऊन स्टेशनवर आली होती. गोंदिया शहर सर्रास हिंदी बोलतं, आणि ड्रायव्हरने माझं लंगडणं पाहून हिंदीतच निदान केलं. "नस चढ़ गई, माताजी? बायें पैर की चढ़े तो दायाँ कान पकड़ो. तुरंत उतरती है." मी शिकलेली बाई आहे. नागझिऱ्यापर्यंत उजवा कान धरून बसले. निखिलने माझा फोटो काढून वैशालीला दाखवला. ती हसली नाही. तिची ही पहिली चांगली गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी ती ताबडतोब विसरायचं ठरवलं.

केशोरीला जाण्याआधी एक मुक्काम नागझिऱ्याला होता, कारण एवढं लांब आलोच आहोत तर वाघ बघून घेऊ, असं निखिलचं म्हणणं. पहाटे उघड्या जिप्सीतून निघालो. थंडी मी म्हणत होती. एका वळणावर गाइडने गाडी थांबवली आणि कुजबुजला, "सांबर ओरडून राहिला. वाघ जवळच हाय. आवाज करू नका जी." मागच्या सीटवरच्या दोघांनी हातभर लांब भिंगांचे कॅमेरे सरसावले. सगळ्यांनी श्वास रोखला आणि नेमकी तेव्हाच, थंडीने आखडलेली माझी डावी पोटरी वळली. माझ्या ओरडण्याने सांबर गप्प झालं, वानरं गप्प झाली आणि वाघ, असलाच तर, निघून गेला. भिंगवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाघ परवडला. गाइड तेवढा समजूतदार होता. "वाघ काय, उद्याबी दिसन," तो म्हणाला, "पन असा आवाज नाही आयकला जी."

केशोरीच्या वाटेवर आधी साग आणि मोहाची झाडं लागली, मग बांध्या (बांध घातलेली भातखाचरं) सुरू झाल्या. धान कापून झालं होतं आणि त्याच ओलीवर पेरलेली लाखोरी (लाख डाळ) फुलावर आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक निळी फुलं, मध्ये कुठेतरी एखादं तळं आणि त्यात एका पायावर उभा बगळा. त्याला काही गोळे येत नव्हते. सगळं सुंदर होतं, त्याला मी काय करणार? खोट काढायला आलेल्या माणसाची तिथे गैरसोयच होते.

घरात वैशालीचे वडील बोलके निघाले आणि आई, कौसल्याबाई, मोजकं बोलणारी. ताठ कण्याची, सावळी बाई. तिने पाय धुवायला ऊन पाणी दिलं आणि जेवायला वाफाळता भात, वांग्याची भाजी, लाखोरीच्या डाळीचं वरण वाढलं. लाखोरी फार खाल्ली तर पाय जातात, असं मी कुठेसं वाचलं होतं. मुद्दा सापडल्याच्या आनंदात मी विचारलं, "ही डाळ पायांना बरी नसते ना?"

कौसल्याबाईचा हात पळीवरच थांबला. "आमी जलमभर खाऊन राहिलो जी. रोवणीले (भातलावणीला) दिवस-दिवस चिखलात वाकून रायतो. तुमी तं लाखोरी खात नाही, मंग तुमचे पाय काऊन गेले?"

मी भात मागितला. वरण दोनदा घेतलं.

रात्री वरणाचा दोष नसताना दोन्ही पायांत गोळे आले आणि सगळं घर उठलं. कौसल्याबाई मोहाच्या बियांचं तेल कोमट करून माझ्या पायाशी बसली. तेवढ्यात वैशालीचे वडील म्हणाले, "अवो, तू पायाळू हायेस ना? दे एक लात. वांब (गोळा) उतरन." पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेलं माणूस. त्याच्या लाथेने उसण निघते असं आमच्याकडेही म्हणतात. इथे वांबही निघते, असं कळलं. गावातली निम्मी माणसं म्हणे कधी ना कधी कौसल्याबाईची लाथ खाऊन गेली होती.

"कायच्या काय बोलता?" ती नवऱ्यावर उखडली. "पोरीच्या सासूले लात मारू? पाप लागन."

मी कळवळत होते. तोंडातून निघून गेलं, "अजून कुठे झालेय मी सासू?"

वैशाली उठून आत गेली. निखिल माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत राहिला. कौसल्याबाई माझी पोटरी चोळत होती, आणि तिच्या अंगठ्यांत त्या क्षणी जो जोर आला तो तेलाचा नव्हता.

सकाळी ठरल्याप्रमाणे तिथल्या प्रतापगडावर (साताऱ्याकडच्या नव्हे) गेलो. एकाच डोंगरावर महादेव आहे आणि दर्गाही. "तुमी खालीच बसा जी," कौसल्याबाई म्हणाली. म्हणून मी चढले. अर्ध्या वाटेवर पायाने जे व्हायचं ते केलं आणि मी पायरीवर आडवी झाले. निखिल पिशवीतून केळं काढत "आई, पाय ताण, पाय ताण," असं म्हणत राहिला. येणारे-जाणारे थांबले. कोणी मीठ चाटायला सांगितलं, कोणी कान धरायला. एकाने चप्पल हुंगायचा सल्ला दिला, तो वेगळ्या दुखण्याचा असतो.

"मारा ती लाथ," मी कौसल्याबाईला म्हटलं.

तिने पदर खोचला, पण पाय उचलला नाही. "आदी सांगा. सोयरीक हाय का नाही? असन तं मी लात मारत नाही. नसन तं आत्ता मारतो. मंग तुमी तुमच्या गावाले, आमी आमच्या घरी."

म्हणजे हो म्हटलं तर गोळा राहणार आणि नाही म्हटलं तर पोरगी जाणार. वैशाली वरच्या पायरीवर उभी होती. ती माझ्याकडे नाही, आईच्या पायाकडे बघत होती. नाही म्हणायची अशी आयती संधी पुन्हा आली नसती. त्यासाठीच तर मी इथवर आले होते. आणि तो शब्द माझ्या तोंडून येईना. मुलगी मला आवडली होती. त्याचाच राग मी दोन दिवस सगळ्यांवर काढत होते.

"आधी मारा," मी म्हटलं. "मग सांगते."

"अन् नंतर नाही म्हनलं तं?"

"तर लाथ मारल्याचं समाधान तुम्हाला राहीलच."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडून अजून होकार निघालेला नव्हता. नुसत्या भरवशावर पोरीचं लग्न पणाला लावायचं होतं, तेही माझ्यासारखीच्या भरवशावर. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि पाय उचलला.

पायाळूने नुसता पाय लावला तरी पुरतं, असं मला नंतर कळलं. तिने तेवढ्यावर भागवलं नाही. लाखोरी आणि रात्रीचं ते वाक्य, दोन्ही त्या लाथेत होतं. गोळा उतरला. तो तसाही थोड्या वेळात उतरतोच, असं डॉक्टर म्हणतील. म्हणोत बापडे.

"झाली सोयरीक," मी म्हटलं.

कौसल्याबाई तिथेच वाकली आणि जिथे लाथ मारली होती तिथे हात लावून तिने नमस्कार केला. "चला इहीनबाई (विहीणबाई)," ती म्हणाली, "महादेव वर हाय." वैशाली रडत होती. निखिल ते केळं स्वतःच खात होता.

परतीच्या गाडीत मला खालचा बर्थ मिळाला. वैशालीही ऑफिससाठी आमच्याबरोबरच निघाली होती. उशाशी लाखोरीची डाळ आणि मोहाचं तेल होतं. निघताना मी विहीणबाईंना म्हटलं होतं, पुढच्या खेपेला पुन्हा एक लाथ द्या. त्यांनी कानांना हात लावले. "आता नाही जी. आता तुमी पोरीच्या सासू." एवढी वर्षं शोधून एक औषध सापडलं आणि ते मी माझ्याच तोंडाने बंद केलं. मिळालेल्या त्या एका लाथेवर आता पुढचं आयुष्य काढायचं आहे.

नागपूर सोडल्यावर पोटरी पुन्हा वळली. समोरच्या बर्थवरून वैशाली उठली, काही न विचारता माझा पाय तिने मांडीवर घेतला आणि तेल चोळू लागली.

"तू पायाळू नाहीस ना ग?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. पण त्याआधी तिने माझ्या पोटरीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी पाय तिच्या मांडीवरच राहू दिला.