भावी सासऱ्याचा दुखवटा

चहा घ्या, गार होऊन राह्यला. माझ्या हुशारीनं माझंच लग्न कसं मोडत आणल्तं ते सांगतो. हसायचं असंल तर अगोदर घोट गिळून घ्या.

निजामाच्या अमलातली गोष्ट. जालन्याच्या मोंढ्यात मी अडतीच्या दुकानी कामाला होतो अन् मला माणसं ताडायचा नाद लागल्ता. टोपीला कापूस चिकटलाय? मंग हा जिनिंगमधला. अंगठ्याला चुना? हा पान खाणारा. चार अंदाज बराबर निघाले अन् मला वाटलं, आता कुणाला काही विचारायची गरजच न्हाई.

त्याच दिवसांत जाफराबादची एक मुलगी मला पसंत पडल्ती. तिच्या वडलांनी मला पाहून होकार द्यायचा, एवढंच राह्यल्तं.

अन् एक दिवस मोंढ्यात तिचा भाऊ रामराव दिसला. मिशी साफ, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, पाय अनवाणी, डोळे लाल. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं माणूस मिशी कधी काढतो? बाप गेल्यावर. उपरण्याखाली डोकंही भादरलेलं असणार. त्यात मला पाहून तो उपरण्याचा पदर तोंडावर ओढून गर्दीत शिरला. होकाराच्या आधीच सासरे गेले म्हणजे लग्न वर्षभर तरी लांबलं.

दुसऱ्या दिवशी जाफराबाद गाठलं. मुलीच्या घरच्या ओट्यावर एक म्हातारा सुपारी कातरत बसल्ता. हा मुलीचा चुलता, मी लगेच ताडलं. शेजारी बसून डोळ्याला रुमाल लावला.

"काका, फार वाईट झालं."

"काय झालं?"

बिचाऱ्याला धक्का बसलाय, मी मनात म्हणलं. "म्हातारे गेले ना. जरा तापट होते म्हणतेत, पण मनानं साफ."

"तापट कोण म्हणलं?"

"सगळं गाव म्हणतं. जाऊ द्या, गेलेल्या माणसाचं कशाला काढायचं?"

त्यानं अडकित्ता खाली ठेवला अन् आत हाक मारली, "रामराव, बाहीर ये. मी मेलो म्हणून पाव्हणे भेटायला आलेत."

रामराव आला तो लुगडं नेसून. गावच्या नाटकात त्याला राणीचं काम मिळाल्तं. मिशी त्यापायी गेल्ती, डोळे तालमीच्या जागरणानं लाल, वहाण तुटलेली, अन् बिनमिशीचं तोंड होणाऱ्या दाजीला कसं दाखवायचं म्हणून उपरणं तोंडावर ओढल्तं.

मी उठलो. दाराआडून मुलगी पाहत होती, तिच्याकडं पाह्यची हिंमत न्हाई झाली.

"बसा," म्हातारा म्हणला. "जित्या सासऱ्यासाठी रडणारा जावई मला दुसरा कुठं भेटंल?"

झालं लग्न. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, अन् सासरे हळूच मागून आले. माझ्या कानाशी वाकून म्हणले, "पलीकडं माझीच पोरगी हाय. अंदाज लावू नका."