म्हात्रे सर आणि वीस अक्षरांची जागा

म्हात्रे सर मागे येऊन उभे राहिले की माझी बोटं हमखास चुकीच्या बटणांवर पडायची. ते दोन्ही हात पाठीमागे धरून, मान जरा पुढे काढून स्क्रीन वाचत राहायचे. पेणच्या आमच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर लॅबमध्ये मदतनीस होते. प्राध्यापक नव्हते, पण आम्ही मुलं त्यांना सरच म्हणायचो. सी भाषेचं प्रॅक्टिकल सुरू झालं आणि स्क्रीनभर चुकांची यादी आली की चारी बाजूंनी हाका सुरू, "सर, हे बघा ना!" सर यायचे, बघायचे, पण कीबोर्डला कधीही हात लावायचे नाहीत.

"पयली चूक वाच," म्हणायचे. "बाकीच्या तिच्या पोरी हायत. आई गेली की त्या पन जातील."

मी वाचायचे. सतराव्या ओळीत काहीतरी चुकलंय असं प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर सांगत असायचा. सतरावी ओळ मी दहा वेळा तपासायचे, तिच्यात काहीच चूक नसायची. "सर, हा खोटं बोलतोय."

"खोटा नाय बोलत तो. पत्ता तेवढा बाजूच्या घराचा देतो. वरच्या घरात बघ."

सोळाव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम नसायचा. वर्ग हसायचा, आणि मला रडू यायचं. एवढं साधं होतं तर सरळ सांगायचं ना! मला त्यांचा खरंच राग यायचा.

त्या रागाला कारण होतं. मी रोह्याजवळच्या वरसे गावापुढच्या एका वाडीतली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. सी च्या प्रॅक्टिकलमध्ये मी एकदा नापास झाले होते. निकाल ऐकल्यावर बाबा शांतपणे एवढंच म्हणाले, "या वक्ताला नाय झाला, तर घरी ऱ्हा बाय. कंपनीत पॅकिंगला बाया घेतात." ते रागावले असते तर मी भांडले असते. पण ते रागावलेच नव्हते, त्यामुळे मला भांडताही आलं नाही.

दुसऱ्या वेळेसाठी मी आमच्या वाडीच्या पाणीयोजनेचा प्रोग्रॅम केला. घरमालकाचं नाव आणि मीटरचं रीडिंग टाकायचं, शेवटी सगळ्या घरांची बेरीज यायची. वाडीत पांडुरंग तीन आहेत, म्हणून नावं बापाच्या नावासकट आणि आडनावासकट टाकणं भाग होतं. मधे मोकळी जागा सोडली की प्रोग्रॅम नाव अर्धंच घ्यायचा. मग मी मधे आडव्या रेघा घालून नाव सलग लिहायची युक्ती काढली. खूप आनंद झाला होता तेव्हा.

पण बेरीज कधी बरोबर यायची, कधी नाही. घाईत नुसती 'राम', 'सीता' अशी नावं टाकून पाहिलं तर बरोबर. वाडीतली खरी नावं टाकली तर पाच घरांचं पाणी एकशे सत्तर कोटी युनिट! तीन आठवडे मी बेरजेची ओळ बदलत बसले. सर मागे येऊन उभे राहायचे. मी विचारायचे, "सर, बेरजेत काय चुकलंय?"

"शोध गो. रोज येनारी चूक बरी, ती घरातली असते. ही कधीतरी येनारी पावनी हाय. तिचा येन्याचा रस्ता बघ."

रस्ता कसला बघायचा? एकदा मधेच मी 'इथपर्यंत आले' असं छापणारी एक ओळ घातली आणि चूक एकदम दिसेनाशी झाली. का, ते मला कळलं नाही. ती ओळ काढली की चूक परत यायची. मी ती ओळ तशीच ठेवली.

सरांनी त्या ओळीवर नजर ठेवून विचारलं, "ही कशाला?"

"असू दे सर. शोभेला."

ते पुढच्या टेबलाकडे गेले.

परीक्षेच्या दिवशी मला दुसरं मशीन मिळालं, नवीन. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "तुमच्या घरचंच नाव टाका." मी बाबांचं टाकलं. पांडुरंग, आजोबांचं नथू, मग वाघमारे. ती शोभेची ओळ असूनही खाली आलं एकशे सत्तर कोटी. परीक्षक हसून म्हणाले, "वडिलांनी धरणच प्यायलेलं दिसतं. बाकीच्यांचं पाहून होईपर्यंत बघा काही जमतंय का."

सर दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. परीक्षेत त्यांना बोलता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. पण तीन आठवडे तर बोलता येत होतं! त्या क्षणी मला वाटलं, यांना सगळं दिसत होतं, आणि यांनी मला बुडू दिलं.

रागारागातच मी प्रत्येक पायरीनंतर बेरीज छापायला लावली. बाबांचं नाव टाकलं, रीडिंग अजून टाकायचंच होतं, तरी बेरीज बिघडलेली! म्हणजे बेरजेची ओळ निर्दोष होती. नावच कुठेतरी जाऊन बेरीज बिघडवत होतं. मी बाबांचं नाव बोटांवर मोजलं. रेघा धरून इंग्रजीत चोवीस अक्षरं. मी जागा ठेवली होती वीसची. उरलेली चार मेमरीत शेजारी ठेवलेल्या बेरजेवर जाऊन बसत होती.

मी वीसचे पन्नास केले. बेरीज बरोबर आली. परीक्षकांनी विचारलं, "आणि पन्नासच्या वर नाव आलं तर?" काठावर पास झाले.

सगळे गेल्यावर मी सरांना गाठलं. आवाज चढला होता माझा. "तुम्हाला दिसत होतं ना सर? मग का नाही सांगितलंत?"

सर खुर्च्या लावत होते. खुर्ची हातात धरूनच म्हणाले, "मला नव्हतं दिसलं."

"म्हणजे?"

"म्हणजे नव्हतं दिसलं गो. तुझ्या प्रोग्रॅमचा कागद घरी नेऊन पन बघितला. मी बारावीपन नाय. धरमतरला मिठागरात होतो, मग इथं शिपाई म्हनून लागलो. तुमच्या मागं उभा ऱ्हाऊन जेवढं कानावर पडलं, तेवढंच येतं."

"मग तसं सांगायचं ना!"

"सांगितलं असतं, तर तू शोधायचं सोडलं असतंस. नाय?"

सोडलं असतं मी. पण ते बरोबर होते, असंही मला अजून वाटत नाही. त्या तीन आठवड्यांत मी किती वेळा पॅकिंगच्या कामाचा विचार केला, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "चुकलं माजं." मग खुर्ची माझ्या मशीनपुढे ओढली आणि तिच्यावर बसले. लॅबमध्ये त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "आता मला दाखव. पुढल्या महिन्यात रिटायर होतोय, तवर एक तरी प्रोग्रॅम माज्या हातानं लिवायचाय."

मी समजावलं. नावाचा खण, बेरजेचा खण, दोन्ही शेजारी. "म्हंजे आगरातल्यासारखं," ते म्हणाले. "एका खनात पानी जास्ती झालं की बांधावरून दुसऱ्यात. तिथलं पिकत आलेलं मीठ गेलं." मी तीन आठवडे जे शोधत होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मला हसूही आलं आणि चीडही.

मग ते लिहायला लागले. एका बोटाने. प्रत्येक अक्षर शोधून. कंस कुठे असतो ते त्यांना सापडेना. दोनदा चुकीचा टाकला, दोनदा खोडला. पाचची रोह्याची एसटी लागायची वेळ झाली होती. मला राहवेना. मी हात पुढे करून कीबोर्ड माझ्याकडे ओढला.

"थांब गो," सर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "मला करू दे."

मी कीबोर्ड परत त्यांच्यापुढे सरकवला, आणि पाचची गाडी जाऊ दिली.