उतरवायचं की चढवायचं

माझं डोकं दुखायचं म्हणजे अर्धंच दुखायचं. डावी बाजू. आधी डोळ्यापुढं नागमोडी उजेड नाचायचा, मग ठणका, मग उलट्या. ज्याला अर्धशिशी नाही त्याला सांगून काही उपयोग नाही. तो म्हणतो, बाम लाव. माझ्या सासूबाई तर तोंडावर म्हणायच्या, "सोंगं हायेत सगळी. भाकरी थापायच्या येळंलाच बरं दुखतं!"

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. खर्ड्याच्या बाजूला आमचं गाव. विहिरींचा तळ दिसत होता आणि घरातले सगळे खडी फोडायला जात होतो. त्या उन्हात माझं दुखणं चेकाळलं. गावातल्या बुवानं सूर्य उगवायच्या आत मंत्र टाकून अर्धशिशी उतरवली. उतरली कसली! दुपारी मी खडीच्या ढिगावर आडवी. सासूबाईंनी माहेरी निरोप धाडला, "पोरगी डोक्यानं अधू हाय. येऊन घिऊन जा." अशी परत गेलेली पोर पुन्हा कोण नांदवतं? माझं तर काळीजच फाटलं.

वडील यायच्या आधीच पोटात पाण्याचा घोटही ठरेनासा झाला. मग खडीच्या ट्रकमध्ये घालून मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "अंगातलं पाणी आटलंय. सलाईन चढवू."

सासूबाई उसळल्या. "आवो, आमी उतरवायला आलोय आन् तुमी आनखी चढवताय?"

डॉक्टर हसले नाहीत. बाटली टांगायचा स्टँड रिकामा नव्हता, म्हणून ती त्यांनी सासूबाईंच्याच हातात दिली. "उंच धरा. खाली आणली की थांबेल."

काचेची बाटली, उलटी. एकेक थेंब पडायचा आणि नळीतून माझ्या हातात शिरायचा. इतकं नितळ पाणी त्या साली आम्ही बघितलंच नव्हतं. सासूबाईंनी डॉक्टरांना हळूच विचारलं, "ह्ये कुठल्या हिरीचं पानी वो?"

दंडात गारवा चढत गेला. ठणका ढिला झाला. मी डावा डोळा उघडून खिडकीकडं बघितलं, तर उजेड टोचला नाही! अर्धशिशी पुढंही जन्मभर राहिली, पण देवाशप्पथ सांगते, तसं नवल मी परत पाहिलं नाही. पाणीच की ते, मिठाचं पाणी! शिरलं हातात आणि निवलं डोकं.

"आगं बया," सासूबाई माझ्या तोंडाकडं बघत म्हणाल्या, "पोरीला खरंच दुखत हुतं." बाटली धरलेला त्यांचा हात मात्र खाली आला नाही.

तेवढ्यात दारात वडील. गावात चौकशी करून थेट तिथंच आलेले. मान खाली घालून म्हणाले, "पोरीला न्ह्यायला आलोय."

"कुठं न्हेताय?" सासूबाई कडाडल्या. "इवाई, आधी ही बाटली धरा. माझा हात भरून आलाय. संपली की समदी घरी जाऊ. आमच्या घरी."