मधला खांब

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही मला नीट कळत नाही.

काळेवाडीत माझी पिठाची गिरणी आहे. समोर ट्रॅफिक तुंबलं की मोटारसायकलवाले सरळ फुटपाथवर चढायचे. मग चालणाऱ्यानं जायचं कुठून? आमच्या गल्लीतल्या सुनंदाताईंनी ते मनावर घेतलं. त्या चाकणला एका कंपनीत पॅकिंगला होत्या, बस पकडायला रोज इथूनच चालत जायच्या. अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात किती खेटे घातले त्यांनी! शेवटी फुटपाथ रुंद झाला, आणि गाड्या चढू नयेत म्हणून तोंडाशी तीन लोखंडी खांब बसले.

मला राग आला का? हो — म्हणजे, नाही. फुटपाथ मलाही हवाच होता, माझी मुलगी त्यावरूनच शाळेत जाते. पण गिऱ्हाइकं दळणाचा डबा घेऊन स्कूटरवर थेट दाराशी यायची, ते बंद झालं. कोपऱ्यावर गाडी लावून डबा उचलून कोण आणणार? लोक पलीकडच्या गिरणीत जायला लागले.

मधला खांब हलत होता. सिमेंट नीट धरलं नव्हतं. खूप नव्हता हलत — थोडासाच. एका दुपारी, रस्त्यावर कुणी नाही असं बघून, मी पहार घेतली आणि तो उपटला. मी. एकटीनं. पोत्यांमागे आडवा करून ठेवला, आणि दोन दिवसांनी लांबच्या भंगारवाल्याकडे टाकून आले.

पुढच्याच आठवड्यात त्या मोकळ्या जागेतून एक मोटारसायकल वर चढली आणि सुनंदाताईंना उडवून गेली.

आवाज ऐकून मी धावले. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, रिक्षा थांबवली, दवाखान्यात नेलं. मी रडत होते, आणि ते रडणं खरं होतं. मग खोटं नेमकं कुठं सुरू झालं?

दवाखान्यात त्यांनी विचारलं, "मंगल, तू दिवसभर दारात असतेस. तो खांब कुणी नेला, दिसलं का गं तुला?"

"नाही ओ ताई. भंगारवाल्यांनीच नेला असणार."

इतकं सहज. विचारसुद्धा करावा लागला नाही मला.

मांडीचं हाड मोडलं होतं. काम कंत्राटी, त्यातून दिवसभर उभं राहायचं — नोकरी गेली. तरी अंथरुणातूनच ताईंनी नवा अर्ज लिहिला. त्यावर पहिली सही माझी आहे. पश्चात्ताप झाला म्हणून केली, की कुणाला संशय येऊ नये म्हणून? एक दिवस हे खरं वाटतं, दुसऱ्या दिवशी ते. खांब पुन्हा बसला, एवढं मात्र झालं.

सांगायला मी गेले नाही असं नाही. दोनदा गेले. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "बस गं, चहा टाकते," आणि भिंतीला धरून उठल्या. मी चहा प्याले. घरी आले. भीती वाटली म्हणू, की लाज? का त्या माझ्याशी जशा बोलतात तसं बोलणं मला हवं होतं?

मध्यंतरी त्या गिरणीवर आल्या. म्हणाल्या, "शाळेसमोर पट्टे मारून घ्यायचेत, पोरांच्या सायकलींना वेगळी जागा मागायचीय. तू चल माझ्याबरोबर. तुझ्याएवढी कळकळ दुसऱ्या कुणाला नाही बघ."

मी हो म्हटलं.

आता दर सोमवारी आम्ही दोघी वॉर्ड ऑफिसात जातो. गाड्या थांबत नाहीत, आणि ताईंना भरभर चालता येत नाही. रस्ता ओलांडताना त्या माझा हात घट्ट धरतात. मी धरू देते.