नव्याचा पहिला घास

ताट माझ्यापुढे आणि पाठ भिंतीला. ताटात नवा भात, त्यावर वरण, कडेला गुळाचा खडा. वसतिगृहाच्या जेवणघरात आम्ही मुली रांगेने मांडी घालून बसलेल्या. वाढून झालं होतं, प्रार्थना म्हणून झाली होती. माझा हात मात्र मांडीवरच होता.

ताई समोर येऊन उभ्या राहिल्या. ताई म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुख. नाशिकहून आलेल्या. सुती साडी, मऊ आवाज. त्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही. मऊ आवाजाची धास्ती मला त्यांच्यामुळेच बसली. अजून जात नाही.

"का गं, जेवत का नाहीस?"

"ताई, आमचं नवं झालं नाय अजून."

काही मुली फिदीफिदी हसल्या. त्याही हरसूलकडच्याच. मी काय म्हणतेय ते त्यांना पुरतं कळत होतं.

आमच्याकडे नवं धान्य आधी कणसरीला दाखवतात. कणसरी म्हणजे धान्याची देवी. मग घरातली सगळी एकत्र बसून पहिला घास खातात. तोवर नवं तोंडात घालायचं नाही. माझा बा गावाचा भगत, देवाचं सगळं त्याच्याकडे. आणि दिवाळीच्या सुट्टीत मी घरी पोचल्याशिवाय तो आमच्या घरचं नवं करत नसे. शेजारीपाजारी आपलं नवं करून मोकळे व्हायचे. आमच्याकडे कणगीत नवं भात भरलेलं आणि चुलीवर जुन्या नागलीची भाकरी. "पोर आली की खाऊ," एवढंच म्हणायचा.

हे सगळं मी ताईंना सांगितलं. त्यांनी हसून ऐकून घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगं वेडे, देव काय वेगळे असतात? रस्ते वेगळे, पोचायचं एकाच ठिकाणी. इथे सकाळीच नैवेद्य दाखवलाय. म्हणजे तुमच्या त्या... काय नाव तिचं? तिलाही पोचला. खा आता."

रोजच्या प्रार्थनेत आम्ही हेच म्हणायचो. सगळ्या वाटा त्याच्याकडे जातात, वगैरे. मला ती ओळ आवडायची. मला वाटायचं, या ओळीत माझा बा पण आहे.

मी म्हणाले, "मी रातच्याला भाकरी खाईन. आज ऱ्हाऊ द्या."

"तू खाल्ल्याशिवाय कुणीही उठणार नाही," ताई म्हणाल्या. आणि दाराशी स्टूल ओढून बसल्या.

मुलींची जेवणं झाली. हात वाळले. पुढच्या दाराशी ताई, मागच्या दाराला कडी. बाहेर रविवार होता. नदीवर कपडे धुवायला जायचा, केस धुवायचा एकच दिवस. आधी कुजबुज. मग एकजण ओरडली, "खा ना गं, लय नखरे करती!" मग दुसरी. मग सगळ्याच. वसतिगृहाच्या शेतात मी ज्यांच्याबरोबर ते भात लावलं होतं, वाकून वाकून कापलं होतं, त्याच मुली.

मी खाल्लं. थंड झालेला भात, त्यावर साय धरलेलं वरण. ताईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बघ, झालं का काही?" म्हणाल्या.

झालं होतं. घरी बा माझ्यासाठी थांबला होता आणि मी खाऊन बसले होते. मला स्वतःच्या तोंडाची किळस आली.

सुट्टीत घरी गेले. बाने कणसरी मांडली, दिवा लावला, आणि पहिला घास माझ्याच पुढे धरला. माझं तोंड उघडेना. "बा, मी तिकडं खाल्लं," म्हणाले. तो घास त्याच्या हातातच राहिला. त्याने विचारलं, "मनानं खाल्लं का?" मी नाही म्हणाले. मग त्याने तो घास माझ्या तोंडात घातला. मला वाटत होतं त्याने चिडावं, निदान ताईंना एक शिवी तरी घालावी. नाही घातली. त्याचा मला राग आला.

वाघबारशीला ताई आणि संस्थेचे काका जीप घेऊन गावात आले. काका म्हणजे वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचा सगळा कारभार बघणारे. घोंगड्या वाटायच्या होत्या. शिवेवर वाघदेवाची पूजा चालली होती. वाघ, चंद्र, सूर्य कोरलेली लाकडी फळी, तिला नवा शेंदूर. पाहुणे वाटेला आले म्हणून बाने कोंबडं बाजूला ठेवलं. नुसता नवा भात आणि खोबरं, पळसाच्या पानांच्या द्रोणांत घालून त्यांच्या हातात दिलं. त्यांना चालेल असंच दिलं.

काकांनी द्रोण कपाळाला लावला. "वा, भगत! सगळे देव एकच हो," म्हणाले. ताईंनी मान डोलावली. "गाडीत निवांत खातो," असं म्हणून दोघे निघाले. बाचा चेहरा फुलला होता. दिवसभर तो ज्याला त्याला सांगत फिरत होता, "ताईंनी परसाद घेतला."

दुसऱ्या दिवशी सरपणाला गेले. पहिल्याच वळणावर ते दोन्ही द्रोण पडलेले. भात मातीत सांडलेला, मुंग्या लागलेल्या. काड्यांची टोचणी बाची होती, मी लांबूनच ओळखली.

मी तिथेच बसले. आधी रडले, मग रडू थांबलं. त्या प्रार्थनेचा अर्थ तिथे कळला. सगळ्या वाटा एकीकडे जातात, पण चालायचं फक्त आम्ही. त्यांचा नैवेद्य आमच्या देवीला पोचतो. आमचा त्यांच्या तोंडापर्यंत पोचत नाही. बाला मी हे सांगितलं नाही. द्रोण मातीत पुरले.

पुढच्या वर्षी मी दहावीला होते. पुन्हा नवा भात, पुन्हा तीच भिंत, तेच स्टूल. पुन्हा मुली ओरडल्या. माझ्या बाजूने एकही बोलली नाही. पण या वेळी मी ताट पुढे सारलं आणि विचारलं, "ताई, देव एकच, तर वाघदेवाचा भात वळणावर का टाकला?"

ताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "बाहेर हो!"

संध्याकाळी काका आले. म्हणाले, "प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी माग. नाहीतर पेटी उचल." दहावीचं वर्ष. गावात सातवीच्या पुढे शाळा नाही. हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच ते इतके शांत होते. मी पेटी उचलली.

मावशीकडे नाशिकला राहून, बांधकामावर पाणी मारून दहावी केली. कशीबशी. मग नर्सिंग. आता नाशिकमध्येच, द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात आहे. तिथेही सगळे देव एकच असतात. फक्त मी डबा उघडला की दोघीतिघी खुर्ची जरा लांब सरकवतात.

देव एक आहे की पुष्कळ, मला ठाऊक नाही. बाही म्हणतो, "आपल्याला काय ठावं." असेल एकच. तर मग बाचा द्रोण रस्त्यात का पडतो, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

यंदा माझ्या भावाची पोर वसतिगृहात गेली. दारावरची पाटी दुसरी, प्रार्थना तीच. दुसरीकडे घालायला शाळा नाही, आजही नाही. काल तिचा फोन आला. "आत्या, इथं उद्या नवा भात हाय. इथल्या ताई म्हनत्यात, खायाच लागंल." घरी बा कणगीला हात न लावता तिची वाट बघतोय.

सुट्टी टाकली. पहाटेची एसटी धरली. हे मी त्याच गाडीत बसून लिहितेय. जेवणघरात जाऊन मी तिच्या शेजारी मांडी घालणार आहे. ती खाणार नाही. तिने खाल्ल्याशिवाय कुणी उठणार नाही असं त्या म्हणाल्या, तर मीही उठणार नाही.