वडगाव रासाईची खुर्ची आणि माझी नव्व्यांची जोडी

पोकर खेळायला वडगाव रासाईला चाललेय म्हटल्यावर आईने विचारलं, "तिथे काय कॅसिनो उघडलाय का?" नाही गं बाई. तिथे भीमा आहे, ऊस आहे आणि दर रविवारी एका पत्र्याच्या शेडमध्ये बसणारा डाव आहे. माझा कॉलेजचा मित्र महेश कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्ट करतो. त्याची आणि त्याच्या दोन मित्रांची ही मंडळी. पैसे अजिबात नाहीत, चिंचोक्यांवर खेळतात. "पत्त्यांत लय शहाणी समजतेस ना स्वतःला? मग ये की," असं तो म्हणाला. असं कुणी म्हटलं की मला घरात चैन पडत नाही.

सकाळी हडपसर सोडलं. सोलापूर हायवेवर स्कूटर न्यायची असेल तर ट्रकवाल्यांना भरपूर जागा द्या, उगाच मर्दुमकी नको. यवतला महेश भेटला. ढाब्यावर मिसळ खाल्ली, नव्वद रुपये, तर्री मागाल तेवढी. बिल घेताना मालक महेशला म्हणाला, "काय, उठली का खुर्ची?"

"न्हाई अजून."

"आन् ह्या ताई?"

"त्यासाठीच आणल्यात."

मला वाटलं, सरपंचाच्या खुर्चीचं काहीतरी चाललं असेल. हसून सोडून दिलं.

यवतला हायवे सोडला की रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना ऊस उभा राहतो. भीमेचा पूल ओलांडला की शिरूर तालुका. पाणी हिरवट, संथ, हलतंय की नाही तेही कळत नव्हतं. पुलावर महेशने गाडी सावकाश केली, पण नदीकडे बघितलं नाही. इकडे येणार असाल तर पाणी सोबत ठेवा आणि अंधार पडायच्या आत निघा, उसात बिबट्या असतो.

शेडमध्ये टेबल, त्याभोवती पाच प्लॅस्टिकच्या खुर्च्या. चार पांढऱ्या, एक लाल. लाल खुर्ची रिकामी होती, पण पुसून लख्ख. तिच्यासमोर चिंचोक्यांचा हा एवढा ढीग. शेजारी स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ टोपी मांडीवर घेऊन बसलेले, त्यांना सगळे आबा म्हणत होते. खुर्चीखाली कुत्रं झोपलेलं.

चहा करायला आबांची सून सुनीता उठली, मी तिच्यामागे गेले. तिने चूल फुंकता फुंकता सगळं सांगून टाकलं. ती खुर्ची तिच्या नवऱ्याची, दत्तूची. सेकंड शिफ्टला म्हणून निघाला तो कुरकुंभच्या कंपनीत पोचलाच नाही. मोटारसायकल पुलाजवळ सापडली. माणूस नाही, काहीच नाही.

"तवापासनं आबा त्याचा डाव मांडत्यात. पत्ते दगडाखाली पालथे, कुणी बघायचं न्हाई. दत्तू कधीच डाव सोडून पत्ते टाकायचा न्हाई, समोरचा लावील तेवढंच लावून कायम 'बघतो' म्हणायचा. म्हणून आबा पण तेवढंच म्हणत्यात."

"आणि चिंचोके?"

"ते संपले की खुर्ची उचलायची, असा आबांचा शब्द हाय. तोवर दत्तू हाय. पण ह्यांच्यातला एकबी त्याच्यापुढं टिकत न्हाई. खुर्चीसमोर एकटा राहिला की जो तो पत्ते टाकतो. मित्राला आपल्या हातानं कोण संपवणार?" तिने चहा कपात ओतला. "यवतला मला शिलाईचं काम मिळतंय, ताई. आबा मोकळं करत न्हाईत तवर मी जाणार न्हाई. तुम्ही जिंका."

खोटं कशाला बोलू? डाव सोडून पळावंसं वाटलं. पण तिचा चेहरा बघून पळायची लाज वाटली.

पत्ते सुनीताच वाटत होती. दुपारभर महेश आणि ते दोघे माझ्याकडून हरत राहिले. मी आपली खूश, काय खेळतेय मी! ते मुद्दाम देत होते हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. माझा ढीग खुर्चीएवढा झाला, तेव्हा तिघांनीही पत्ते टाकले. उरलो मी आणि खुर्ची.

माझ्या हातात नव्व्यांची जोडी. टेबलावर सगळ्यांसाठी उघडे अठ्ठी, पंजी, दुर्री. म्हणजे माझी जोडी टेबलावरच्या सगळ्यांहून मोठी, पण तशी मधलीच, पुढे कुठलंही चित्र पडलं की घाबरायचं. त्यात माझी जागा अशी, की दर वेळी आधी मी बोलायचं, खुर्ची माझ्यानंतर. अशा जागेवरून डाव लहान ठेवावा, हे मी दहाजणांना शिकवलंय. समोरचा काय करणार हे कळायच्या आत आपण सगळं बोलून बसतो. पण समोरचा कायम 'बघतो'च म्हणणार असेल तर? मग लावायचे, भरपूर लावायचे. मी लावले.

"बघतो," आबा म्हणाले.

तिर्री पडली. पुन्हा लावले.

"बघतो."

शेवटचा पत्ता पडला, गुलाम. माझ्या जोडीच्या वरचा. हिशेबाने मीच पुढे असणार होते, अजूनही लावायला हवे होते. पण खुर्चीकडे बघितलं आणि हात उचलेना. मी टेबलावर बोटं आपटली. चेक, म्हणजे काही न लावता बोलणं पुढच्यावर सोडलं.

खुर्चीखालचं कुत्रं उठलं आणि शेपूट पायांत घालून बाहेर गेलं. आबांचा हात पुढे आला आणि दत्तूचा सगळाच्या सगळा ढीग मधोमध ढकलला गेला.

"आबा, नुसतं बघायचं असतंय," महेश कसाबसा म्हणाला.

आबा स्वतःच्या हाताकडे बघत होते.

जो स्वतःहून कधीच लावत नाही तो सगळं लावतो, तेव्हा पत्ते टाकायचे असतात, हेही मी शिकवते. सुनीता माझ्याकडे बघतही नव्हती, पदराचं टोक पिळत होती. मी म्हटलं, "बघते." आणि नव्व्या उलट्या केल्या.

आबांनी दगड उचलला. पत्ते डोळ्यांजवळ नेले आणि कितीतरी वेळ तसेच धरून ठेवले. मग आम्हाला न दाखवता ते गड्डीवर पालथे ठेवले आणि खुर्चीकडे वळून हळूच म्हणाले, "बास आता, दत्तू. पोरीला जाऊ दे."

खुर्ची त्यांनीच उचलली आणि भिंतीशी पालथी ठेवली. सुनीता होती तिथेच जमिनीवर बसली. ती रडली नाही, रडलो आम्ही बाकीचे. ऊन असेतोवर मी निघाले. पुलावर मीही नदीकडे बघितलं नाही.

घरी येऊन आठवडे झाले. जा असं सांगू का तुम्हाला? मिसळीसाठी जा, भीमेसाठी जा. पत्ते मात्र मी अजून हातात धरलेले नाहीत. परवा सुनीताचा फोन आला, यवतहून, मागे शिलाई मशीनचा आवाज. आबाही अधूनमधून येतात, भाजी घेऊन. न राहवून मी विचारलं, "त्या दिवशी खुर्चीकडे काय होतं गं? आबा नव्व्यांना हरले ना?"

"गोळा करताना गड्डीवरचे दोन पत्ते मी बघितले, ताई. त्यात बदामाचा गुलाम हुता."

म्हणजे टेबलावरचा धरून गुलामांची जोडी. खुर्ची जिंकली होती.

"आणि आबांनी न बघताच सगळं लावलं?"

मशीन थांबलं. "आबा म्हणत्यात, 'मी न्हाई ढकललं. त्यानं माझा हात धरला हुता.' त्याला उठायचं नव्हतं, ताई. आबांनीच त्याला उठवलं."